आधी कान, मग वही

अलिबागहून मुरूडकडे जाताना रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की थोड्या वेळाने समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर दिसू लागतो. माथ्यावरचा किल्ला पाहायला पुष्कळ लोक जातात. पायथ्याच्या गावात काय बोलले जाते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तेथील ख्रिस्ती कुटुंबे घरात पोर्तुगीज भाषेपासून तयार झालेली एक बोली बोलतात. तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई सोडले. राज्य गेले, भाषा मात्र राहिली. बोलणारे सुमारे हजाराच्या आतबाहेर, आणि चहूबाजूंना मराठीचा समुद्र. शाळा मराठी, बाजार मराठी. या बोलीचा तास कोणत्याही शाळेत होत नाही, तिची परीक्षा नाही, शिकवणी तर नाहीच. तरीही पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती आईच्या तोंडून मुलाच्या कानात जात राहिली आहे.

वाचकहो, एवढ्या दूरच्या उदाहरणाचे आपल्याला काय, असे वाटेल. तर आपल्याच पेढ्यांकडे पाहू. रोहा, पेण, महाड, मुरूड, श्रीवर्धन येथल्या बाजारपेठांत गुजराती, कच्छी, मारवाडी घराणी येऊन स्थिरावली. त्यांच्या पहिल्या पिढीला मराठी कोणी शिकवली? गिऱ्हाईक गुळाच्या ढेपेकडे बोट दाखवून ‘अर्धा शेर द्या’ म्हणे. पुढच्या खेपेस ‘परवासारखा चिकट नको’ म्हणे. वस्तू समोर, तराजू समोर, पैसे हातात. त्यामुळे न कळलेल्या शब्दाचा अर्थ वाक्य संपण्याच्या आत कळून जाई. दुकानदार प्रारंभी मानेनेच होकार देई, मग एखादा शब्द बोले, आणि वर्षा-दीड वर्षात कोळणीशी तिच्याच ठसक्यात भावाची घासाघीस करू लागे. ‘माझी दुकान’ म्हटले म्हणून गिऱ्हाईक काही परत जात नसे. ‘माझे दुकान’ ऐकून ऐकून एक दिवस त्यांच्याही तोंडी ‘माझे दुकान’ येई. बँकेच्या नोकरीत मी असे कितीतरी खातेदार पाहिले. त्यांची स्वाक्षरी गुजरातीत असे, पण कर्जाच्या व्याजावरून आमच्याशी होणारा वाद अस्सल मराठीत चाले.

आता त्यांची नातवंडे पाहा. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात गुजराती किंवा हिंदी, हातात मोबाईल. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, हे योग्यच झाले. पण ती शिकवली जाते कशी? लिंग ओळखा, वचन बदला, विरुद्धार्थी शब्द लिहा, प्रश्नांची उत्तरे पाठ करा. ऐंशीच्या वर गुण मिळवणारी नात गल्ल्यावर बसली आणि एखाद्या आजीने ‘बाय, सुटे हायत का?’ असे विचारले, तर ती आजोबांच्या तोंडाकडे पाहते. आजोबांना जी भाषा फुकट मिळाली, तिच्यासाठी आपण आज शिकवणीचे पैसे मोजतो आहोत आणि तरी ती मिळत नाही. ज्यांचा सारा धंदा गिऱ्हाइकाच्या विश्वासावर उभा आहे, त्यांनी या तोट्याची नोंद तरी खतावणीत करायला हवी.

दुकानातल्या या शिक्षणाला भाषाशास्त्रात आता प्रतिष्ठा मिळाली आहे. अमेरिकेतील स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या सुमारास मांडले की, भाषा नियम घोकून येत नाही. समजेल अशा स्वरूपात ती पुष्कळ कानावर आणि डोळ्यांवर पडली की येते. समजेल असे म्हणजे आपल्याला येते त्याच्या किंचित पुढचे. आपल्या व्याख्यानांत ते प्रथम जर्मन भाषेत नुसतेच बोलून दाखवत. कोणाला काही कळत नसे. मग चेहऱ्याचे चित्र काढत, हातवारे करत, तीच भाषा बोलत आणि श्रोत्यांना ती कळू लागे. आपल्याकडे मात्र तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची परंपरा मोठी. तिने कारकुनांच्या पिढ्या घडवल्या हे खरे, आणि त्या पिढ्यांचे उतरलेले इंग्रजी पत्र आजच्यापेक्षा निर्दोष असे हेही खरे. पण साहेब समोर येऊन उभा राहिला की त्यांतल्या पुष्कळांची जीभ टाळ्याला चिकटे.

मला या सगळ्यात अधिक जवळचा वाटतो तो आपल्याच देशातला प्रयोग. एन. एस. प्रभू हे ब्रिटिश कौन्सिलचे मद्रास येथील अधिकारी. त्यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही सर्वसाधारण प्राथमिक व माध्यमिक शाळांत इंग्रजीचा एक निराळा वर्ग चालवला. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो जगभर अभ्यासला जातो. या वर्गात व्याकरणाचा पाठ नव्हता. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, दिनदर्शिका, पैशांचे हिशेब असे साहित्य असे. ही गाडी अमुक वाजता सुटली, तर तेथे कधी पोहोचेल? शिक्षक आधी अशी एक-दोन कोडी सगळ्या वर्गाबरोबर इंग्रजीत बोलत सोडवी, मग तशाच धर्तीचे एक मुलांनी स्वतंत्रपणे सोडवायचे. गुण मिळत ते गणित किंवा निष्कर्ष बरोबर आला की नाही यावर. उत्तर एका शब्दात आले तरी चाले. मुलांचे लक्ष अर्थावर गुंतले की भाषा आपोआप आत झिरपते, ही त्यामागची धारणा. व्यापाऱ्याच्या मुलासाठी याहून सोयीचा अभ्यासक्रम कोणता असणार?

पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलांभोवती समजणारी भाषा भरपूर हवी, असा आग्रह धरला. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. पहिलीच्या मुलाला स्पेलिंग घोकायला लावणे व्यर्थ आहे, हे चांगल्या शिक्षकांना लगेच उमगले. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा रेडिओ कार्यक्रम तयार केला. त्यात ऐकणे आणि ऐकून प्रतिसाद देणे हेच मुख्य. आज लहान वर्गांतल्या अनेक बाई ‘उठा, दार उघडा, लाल खडू टेबलावर ठेवा’ अशा आज्ञा इंग्रजीत देतात आणि मुले बोलत नाहीत, नुसती करतात. पाचवी-सहावीत चित्रकथा, एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगणे. आपल्या जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांवर तर हीच पद्धत पहिलीच्या मराठीसाठी लागते, कारण घरात कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठीही नवीच असते. खरी कोंडी नववी-दहावीत होते. तेथे ऐंशी गुणांची लेखी परीक्षा डोक्यावर बसलेली असते आणि गोष्टीचे पुस्तक वाचायला देणाऱ्या शिक्षकाला ‘पोर्शन’ कधी संपवणार, असे विचारले जाते.

विचारणारे कोण? बहुधा आपणच. फी भरली, दोन महिने झाले, वही कोरी. बाई नुसत्या गोष्टी सांगतात, ही तक्रार पालकसभेत मी स्वतः ऐकली आहे. भरलेली वही ही आपल्याला मालाच्या पावतीसारखी वाटते. पण ऐकण्याचा हा काळ मुदत ठेवीसारखा आहे. मूल गप्प आहे म्हणजे काही जमा होत नाही, असे नव्हे. ‘बोल, बोल’ करून ती ठेव दुसऱ्याच महिन्यात मोडली, तर व्याज बुडणारच.

एक आक्षेप मात्र मनापासून मान्य करायला हवा. कॅनडात फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत वर्षानुवर्षे शिकलेल्या इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजे, पण बोलण्या-लिहिण्यात चुका उरत. तेथील मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, नुसते ऐकणे-वाचणे पुरत नाही. आपले म्हणणे दुसऱ्याला पटवून देण्याची गरजही पडावी लागते. आपल्या पूर्वजांना दुकानात ही गरज रोज पडे. उधारी वसूल करायची तर नुसते समजून भागत नाही! व्याकरणही निरुपयोगी नाही. कानाला भाषा ओळखीची झाल्यावर नववीच्या मुलाला नियम सांगितला, तर तो त्याच्या चटकन ध्यानात येतो. नियम आधी आणि भाषा नंतर, ही उलटी मांडणी सोडायची आहे, एवढेच.

तेव्हा पुढच्या पालकसभेत बाईंना ‘किती पाने झाली’ ऐवजी ‘मुलांना आज काय ऐकवले, काय वाचायला दिले’ असे विचारून पाहावे. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी पातळीनुसार विनामूल्य मिळतात, नातवाच्या इयत्तेकडे न पाहता त्याला सहज समजेल ती पातळी निवडावी आणि रात्री पंधरा मिनिटे आजी-आजोबांनी वाचून दाखवावे. आजीचे मराठी कच्चे असेल तर दोघांनी मिळून शिकावे. आणि दिवाळीच्या सुटीत मुलांना रोज अर्धा तास गल्ल्यापाशी बसवावे, मोबाईल आत ठेवून. मुलगा ‘माझी दुकान’ म्हणाला, तर गिऱ्हाइकासमोर त्याला टोकू नये. समोरचे माणूस ‘हे दुकान किती वाजता बंद होते रे?’ असे विचारील, तेवढी दुरुस्ती त्या दिवसापुरती पुरे.