आमच्यानंतर कोण?

बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना एकच प्रश्न छळतो: आमच्यानंतर कोण? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले आडनाव दिले. अठरा वर्षांनंतरही या मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, हा त्यांचा आग्रह. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पण ज्यांचे आईवडील हयात आहेत, त्या मुलांचे काय? अमरावती असो की अकोला, घरी राहून मूल सांभाळणारी बाई ओळखीतूनच शोधावी लागते. तिला ना प्रशिक्षण, ना हक्काची सुट्टी. ती थकते, सोडून जाते. आणि बोलता न येणाऱ्या मुलावर काय गुजरले, ते कुणालाच कळत नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांसह एक स्थानिक समिती असते. ती अशा व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमते. प्रशिक्षित, पोलिस पडताळणी झालेल्या काळजीवाहकांची यादीही तिच्याकडेच द्यावी. बाईच्या सुट्टीच्या दिवशी बदली कोण, हेही त्यात असावे. त्यासाठी मोठे सॉफ्टवेअर लागत नाही, हे मी इंजिनिअर म्हणून सांगतो. नीट ठेवलेली नोंदवही पुरे.

ही मागणी आपण मोहल्ल्यामोहल्ल्यातून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत न्यावी. विश्वासू माणूस मिळणे नशिबावर सोडता येणार नाही.