पानिपत : उपाशी फौज आणि सेनापतीचा कान

पानिपतावर आपल्याकडे झालेले बरेचसे लेखन डावपेचांभोवती फिरते. गोलाची लढाई योग्य की गनिमी कावा, दोष भाऊंचा की होळकरांचा, हे वाद अजून मिटलेले नाहीत. फौजेच्या मनावर काय ओढवले आणि ते मन सांभाळण्यासाठी सेनापतीने काय केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आमच्या मते तोच आधी विचारायला हवा.

नोव्हेंबर १७६० पासून मराठी फौज पानिपताशी अडकून पडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा मोठा आधार तुटला. छावणीत लढवय्यांबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते. मुलखापासून शेकडो कोस दूर, थंडीत, अर्धपोटी नुसते बसून राहणे हे लढण्याहून अवघड असते. काशीराज सांगतो, की अखेरीस सरदार आणि शिपाई भाऊंच्या डेऱ्याभोवती जमले आणि उपासाने मरण्यापेक्षा लढून मरू, असे म्हणाले. भाऊंनी ते मानले. विडे वाटले गेले, शपथा झाल्या आणि १४ जानेवारी १७६१ रोजी फौज रणात उतरली.

काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे शत्रूच्या गोटात होता. त्याने हे लिहिले तेही सुमारे वीस वर्षांनी. तेव्हा डेऱ्यातले संवाद शब्दशः घेऊ नयेत. तरी प्रसंगाचा अर्थ स्पष्ट आहे. विड्याने ताण उतरला नाही, त्याला फक्त वाट मिळाली. आणि ती वाट सेनापतीने दाखवली नव्हती, उपाशी माणसांनी मागून घेतली होती.

धान्यच नव्हते तर भाऊंनी ऐकून काय केले असते, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. पण ऐकण्याने कोठार भरत नसले, तरी माणसे किती दिवस तग धरतील हे वेळेवर कळते. आजच्या भारतीय सैन्यात सैनिक संमेलन भरते आणि जवान आपल्या अडचणी थेट कमांडिंग ऑफिसरपुढे मांडू शकतो. त्यामागे हेच शहाणपण आहे. रजा, घरची खुशाली, गावाकडचा जमिनीचा तंटा या गोष्टी भाषणाने सुटत नाहीत.

‘भाऊसाहेबांची बखर’ शिकवताना आपण वीर आणि करुण रस दाखवून थांबतो. सोलापूरच्या आमच्या वर्गांत पहाटे सैन्यभरतीसाठी धावणारी मुलेही बसतात. शौर्य त्यांना कोणीही शिकवील. फौज उपाशी असताना सेनापतीने केव्हा ऐकायला हवे होते, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवणे हे मराठीच्या शिक्षकाचे काम आहे.