थोरलीला बुसान, धाकट्याला वाळू आणि मधलीला?

ताईच्या थोरलीला बुसानला जायचं होतं. वय चौदा. इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या बऱ्याच चौदा वर्षांच्या मुलींसारखी तीही रामेन खाते, कोरियन मालिका बघते, आणि बीटीएसमधले जिमिन आणि जंगकुक दोघंही बुसानचे आहेत हे तिला स्वतःच्या आजोळापेक्षा जास्त पक्कं माहीत आहे. मोबाईलवर तिने सगळं काढून ठेवलं होतं: हेउंदेचा किनारा, तिथलं मत्स्यालय, समुद्राच्या कडेने उंच रुळांवरून जाणारे इवलेसे रंगीत डबे, डोंगरउतारावरची गामचनची घरं. भावजींनी विमानाच्या तिकिटांचा आकडा पाहिला आणि फोन उलटा ठेवला.

"समुद्र आपल्याकडेपण आहे," ते म्हणाले.

तर डिसेंबरच्या सुट्टीत रत्नागिरी ठरलं. ताई, भावजी, मी आणि तीन मुलं: थोरली चौदाची, मधली नऊची, धाकटा तीनचा. रात्रीच्या बसने कोल्हापूर आणि पुढे गाडी करून आंबा घाटातून खाली. कोल्हापुरात धाकट्याला पेलाभर दूध पाजून घाटात नेण्याची चूक आम्ही केली. तुम्ही करू नका. एवढं सांगितलं म्हणजे त्या प्रवासाचं वर्णन पुरे.

वेगवेगळ्या वयाची मुलं घेऊन निघालं की घरात एक वाटणी आपोआप होते. थोरलीचं मन सांभाळायचं, कारण ती रुसते. धाकट्याचं पोट आणि झोप सांभाळायची, कारण तो रडतो. मधली समजूतदार आहे. तिला काहीही चालतं. मी स्वतः शेंडेफळ, त्यामुळे यात काही खटकण्यासारखं आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

पहिला दिवस थोरलीचा. थिबा राजवाडा तिला आवडणार नाही असं आम्हाला वाटलं होतं, पण एखाद्या कोरियन ऐतिहासिक मालिकेत शोभेल अशीच ती गोष्ट निघाली. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला देशाबाहेर काढलं. तेव्हा तो जेमतेम सव्वीस वर्षांचा, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा इथेच गेला. तीस वर्षं समुद्राकाठी, पण परतीचं जहाज नाही. थोरली दालनांतून हळूहळू फिरत होती, फोन खिशात होता. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

राजाला चार मुली होत्या. दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासची आणि धाकटी थेट रत्नागिरीची. थोरल्या राजकन्येचं राजवाड्यातल्याच एका मराठी नोकरावर मन जडलं, तिची मुलगी रत्नागिरीतच वाढली, वगैरे मी रंगवून सांगत होते. मधलीने विचारलं, "आणि दोन नंबरच्या राजकन्येचं काय झालं?"

तेवढ्यात धाकट्याला शू लागली. सगळे बाहेर धावलो.

दुपारी जेवताना कुणाला काय हवं हे विचारलं. थोरलीने सुरमई सांगितली, धाकट्यासाठी मऊ भात. मधली म्हणाली, "मला काहीही चालेल." ताईने तिच्यासाठीपण सुरमई सांगितली. ती सुरमई मधलीने खाल्ली नाही आणि त्यावरून ओरडाही खाल्ला.

चार वाजता भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. संध्याकाळी समुद्रावर जायचं, असा आपला मैदानी माणसांचा हिशेब. पाणी पार वर आलेलं, खेळायला वाळूची चिंचोळी पट्टी, लाटांचा आवाज मोठा. धाकटा भावजींच्या मानेला घट्ट चिकटून बसला. थोरलीचे फोटो हवे तसे आले नाहीत. अर्ध्या तासात परत.

रात्री मधली माझ्या शेजारी झोपली होती. अंधारात म्हणाली, "मावशी, मी हट्ट करत नाही म्हणून मला कुणी विचारत नाही ना?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग उठून फोनवर दोन नंबरची राजकन्या शोधली आणि तिला सांगितलं: वडील गेल्यावर तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि पुढे ती कालिंपोंगला, हिमालयाच्या कुशीत राहायला गेली.

"म्हणजे समुद्रापासून खूप लांब," मधली म्हणाली आणि झोपली.

सकाळी मी उठले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या आणि ही समोर पाटावर बसून बोटं मोजत होती. काल पाणी एवढं वर का होतं, हे तिने सरळ जाऊन विचारलं होतं. काकूंनी उलट तिलाच विचारलं, "काल तिथी कोणती होती गो? पंचमी. पाऊणकी येते का तुला?"

बेंगळुरूच्या शाळेत पाऊणकी कुठून येणार? तर ती शिकवणी चालली होती. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार... तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशेब. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे आम्ही चारला गेलो तेव्हा समुद्र अगदी भरलेला. रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. भरती आणि ओहोटीत सहा तासांहून थोडं जास्त अंतर. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, पाणी सगळ्यात वर. अष्टमीच्या आसपास भांग, भरती छोटी.

मधलीने वहीच्या पानावर गणित केलं. "आज षष्ठी. भरती साडेचारला. म्हणजे ओहोटी सकाळी सव्वादहाच्या आसपास. आपण साडेनऊला जायचं."

"पण आज सकाळी मत्स्यालय..." भावजी म्हणाले.

"ते दुपारी," ती म्हणाली. एवढ्या ठाम आवाजात ती बोलताना मी पहिल्यांदा ऐकली.

साडेनऊला तोच भाट्याचा किनारा ओळखू येत नव्हता. समुद्र लांब गेलेला आणि मागे सपाट, ओली, चकचकीत वाळू. इवल्या खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडून ठेवल्या होत्या. धाकटा तिथे उकिडवा बसला तो दीड तास उठला नाही. थोरलीला आरशासारख्या वाळूवर आभाळाचे फोटो मिळाले आणि "हेउंदेला असं नसतं" हे तिचं तिनेच कबूल केलं. बरोबरच आहे, बुसानला भरती-ओहोटीत मीटर-सव्वा मीटरचाच फरक पडतो. कोरियाच्याच पश्चिम किनाऱ्यावर, इंचनला, तो आठ-नऊ मीटरपर्यंत जातो. हे थोरलीने फोनवर शोधून मधलीला वाचून दाखवलं. दोघी एका फोनवर वाकलेल्या, असं दृश्य घरी फारसं दिसत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पाऊणकीचा हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, आणि तो पोहायला परवाना नाही. कोकणातला किनारा दिसतो तेवढा साधा नसतो; ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. त्यामुळे आम्ही घोट्याच्या वर गेलो नाही. स्थानिक माणूस नको म्हणाला की नकोच.

अकरा वाजता मधलीने घड्याळ बघून सांगितलं, "चला, पाणी वळलं." सगळे उठले. धाकटासुद्धा.

दुपारी मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा पाहून धाकटा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी रत्नदुर्गाच्या एका बाजूला काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र, असं का हे वाळू मुठीत घेऊन तपासलं. दोन्हीकडे कधी जायचं हे वहीवरून ठरलं. जेवायच्या वेळी ताईने आधी मधलीला विचारलं. ती बराच वेळ विचार करत राहिली, सवय नव्हती ना. मग म्हणाली, "मला मासे आवडतच नाहीत. घावणे आणि नारळाचं दूध."

परत येऊन महिना होत आला. ताईच्या फ्रिजवर बीटीएसच्या शेजारी आता कालनिर्णय लटकलं आहे. परवा मी ऑफिसात असताना ताईच्या फोनवरून मेसेज आला: "मावशी, आज अष्टमी. सहाला भाट्याला भरती. पण छोटी."