क्वचित म्हणजे कुठे क्वचित?

'अत्यंत क्वचित घडते, पुन्हा घडवून दाखवता आले नाही' असा शेरा मारून बग बंद करायची आपल्या धंद्यात एक पद्धत आहे. माझा तिच्यावर जुना राग आहे, तो आज काढतो. मध्ये थोडं तांत्रिक येईल, चालवून घ्या.

तर मंडळी, एटापल्लीतल्या एका लहानशा ऑफिसात दोन डिस्कचा एक स्टोरेजचा डबा आहे. वनहक्काच्या दाव्यांचे कागद, ग्रामसभांचे ठराव, हातानं काढलेले नकाशे स्कॅन करून त्यात ठेवतात. जे लिहायचं ते दोन्ही डिस्कवर, म्हणजे एक मेली तरी दुसरी आहे. यालाच मिररिंग म्हणतात. तक्रार अशी की एखादी फाईल आज नीट उघडते, मशीन बंद-चालू केलं की तिचं निम्मं पान काळं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ठणठणीत! या ड्रायव्हरच्या देखभालीचं काम आमच्या टीमकडे आलं तेव्हा ही तक्रार तीनदा बंद होऊन चौथ्यांदा उघडलेली होती.

वाचताना ड्रायव्हर कधी या डिस्ककडे जातो, कधी त्या. फाईल कधी बरी कधी वाईट, याचा अर्थ दोन डिस्कचं आपसात पटत नाहीये. का? वीज अचानक गेली तर शेवटचं लिखाण एका डिस्कवर पोचलेलं असतं, दुसरीवर नसतं. म्हणून मशीन परत सुरू झालं की ड्रायव्हर पहिली डिस्क वाचत वाचत दुसरीवर उतरवत जातो. हे रिसिंक. समजा त्यानं एक ब्लॉक वाचला, आणि तो दुसरीवर उतरवायच्या आत कुणी त्याच ब्लॉकवर नवीन काही लिहिलं. ते दोन्हीकडे गेलं. मग रिसिंकनं हातातला जुना मजकूर दुसरीवर थापला. पहिलीवर नवं, दुसरीवर जुनं.

हे टाळायला आमच्या ड्रायव्हरमध्ये झेंडा होता. पण रिसिंक आधी बघायचं की कुणी लिहीत नाहीये ना, आणि मग झेंडा वर करायचं. या दोन ओळींच्या फटीतून एखादं लिखाण आत घुसायचं. इलाज म्हणजे ओळींची अदलाबदल: रिसिंकनं आधी झेंडा लावायचा, मग चालू लिखाणांचा आकडा शून्य व्हायची वाट बघायची; लिहिणाऱ्यानं आधी आकडा वाढवायचा, मग झेंडा बघायचा, वर असेल तर आकडा कमी करून थांबायचं. शिवाय दोन्हीकडे मधे मेमरी बॅरियर, कारण प्रोसेसर स्वतःच्या सोयीनं क्रम बदलतो. लिनक्सच्या रेड-1 चा कोड बघा. 2017 च्या 4.11 मध्ये कोली ली यांनी तिथली रिसिंकची एकच सरकती खिडकी काढून 64 एमबीच्या तुकड्यांचे वेगळे हिशोब आणले, पण क्रम हाच: आधी आपलं सांग, मग दुसऱ्याचं बघ. हे का, ते तिथे कॉमेंटमध्ये सविस्तर लिहिलंय.

आधी कुणीतरी त्या फटीजवळ लॉगची ओळ टाकली होती, तर बग गायबच झाला. (लॉगमुळे वेळेचं गणित बदलतं, दुसरं काही नाही.) आम्ही उलट केलं. फटीत मुद्दाम विलंब घातला. पहिल्याच तासात डिस्क फाटल्या. मग ओळी बदलल्या, विलंब तसाच ठेवला, आणि रात्रभर काही झालं नाही. मला हा पुरावा वाटतो. 'आता दिसत नाही' हा नाही.

आता 'क्वचित' कडे येतो. लॅबमधला हिशोब असा: वीज जाणं क्वचित, नेमकं त्या फटीत लिखाण येणं त्याहून क्वचित, दोन्हींचा गुणाकार केला की जवळजवळ शून्य. पण गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसतो. एटापल्लीत जंगलातून लाईन येते, वारा सुटला की फांदी तारेवर. तिथला ऑपरेटर मला फोनवर म्हणाला, "भाऊ, लाईन आली का आम्ही पहिले स्कॅनरच चालू करतो, परत कधी जाईल काय सांगावं." म्हणजे रिसिंक आणि जोरदार लिखाण, दोन्ही एकाच कारणानं, एकाच वेळी सुरू! (यूपीएस आहे हो. त्याची बॅटरी लाईनच्या आधी दमते.)

आणि फाईल आपोआप बरी कशी व्हायची? लाईन पुन्हा गेली की नवीन रिसिंक पहिलीवरचं चांगलं दुसरीवर उतरवायचं. तपासायला माणूस पोचेपर्यंत सगळं ठीक, आणि ऑफिसवाले खोटारडे. तेवढ्यात पहिली डिस्क मेली असती तर कुणाचा तरी दावा गेला असता.

दुरुस्ती गेली, तक्रार बंद झाली, या वेळी खरी. पण पूर्ण रिसिंक अजून दर वेळी तासन् तास चालतो. कुठे लिहिणं चाललं होतं याची नोंद ठेवणारा बिटमॅप असेल तर तेवढेच तुकडे उतरवावे लागतात. लिनक्सच्या एमडी ड्रायव्हरमध्ये ही सोय 2.6.13 पासून, म्हणजे 2005 पासून आहे. आमच्या डब्यात घालूया म्हणून मी लिहिलं, तर उत्तर आलं: "एवढ्या वेळा वीज जाणारे ग्राहक किती?"

मी त्यांना एटापल्लीच्या डब्याचा लॉग पाठवलाय. बघू.