यादी दिसते, पण असते का?

आपल्याकडे लग्न ठरले की 'याद्या' होतात. त्या बैठकीतल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला एक गोष्ट न शिकवता ठाऊक असते. रुखवतातल्या वस्तू वाटेल त्या क्रमाने लिहिल्या तरी चालते; विधी लिहिताना सप्तपदी कन्यादानाच्या आधी घालून चालत नाही. वेबपान लिहायला नव्याने बसणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना मात्र हा साधा भेद सांगावा लागतो, याचे मला नवल वाटते.

एचटीएमएलमध्ये या दोन याद्यांसाठी दोन वेगळे टॅग आहेत. क्रम नसेल तर 'यूएल', क्रम असेल तर 'ओएल'. टोकदार कंसांत टॅग लिहून यादी उघडायची, आतली एकेक बाब 'एलआय'मध्ये ठेवायची आणि शेवटी तोच टॅग तिरक्या रेघेसह लिहून यादी मिटवायची. पोटयादी हवी असेल तर ती त्या बाबीचा 'एलआय' मिटण्याआधी, त्याच्या पोटातच हवी; नवशिके तिला हमखास बाहेर टाकतात. शब्द आणि त्याचा अर्थ अशा जोड्यांसाठी 'डीएल' आहे. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या पहिल्या मोजक्या टॅगांतही याद्यांना जागा होती. इतकी ही जुनी सोय!

आणि तरीही आपण काय करतो? मी काय केले तेच सांगतो. विभागाच्या पानासाठी संदर्भग्रंथांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. 'ओएल' वापरला तर आकडे इंग्रजी उमटत, आणि मला तर १, २, ३ हवे होते. म्हणून मी प्रत्येक आकडा हाताने टंकला आणि ओळ तोडायला 'बीआर' घातला. पडद्यावर यादी देखणी दिसली. शाबासकीही मिळाली.

माझा एक वर्गमित्र दृष्टिहीन आहे. तो एनव्हीडीए या मोफत मिळणाऱ्या वाचक-प्रणालीच्या साहाय्याने पाने ऐकतो. खरी यादी आली की ती प्रणाली आधी बाबींची संख्या सांगते आणि 'आय' ही कळ दाबताच पुढच्या बाबीवर नेते. माझ्या पानावर तिला यादी सापडलीच नाही. ग्रंथाचे प्रकाशनवर्ष संपते न संपते तोच पुढचा अनुक्रमांक! "अरे, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, सहा, हे काय आहे? आणि पुस्तके आहेत तरी किती?" त्याने विचारले. मला उत्तर सुचेना.

कोणी म्हणेल, एका विद्यार्थ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? माझे म्हणणे असे की खटाटोप मीच केला होता. मध्ये एक ग्रंथ वाढला की खालचे सगळे आकडे बदलत बसायचे. 'ओएल' ते आपोआप बदलतो. राहिला मराठी आकड्यांचा प्रश्न, तर सीएसएसमध्ये 'लिस्ट-स्टाइल-टाइप'पुढे 'देवनागरी' एवढे लिहिले की काम भागते. 'दिसते ना बरोबर, मग झाले' ही आपली वृत्तीच मला अधिक खटकते.

पान मी नव्याने लिहिले. मित्राने ते ऐकले, कळ दाबत शेवटापर्यंत गेला आणि म्हणाला, "बावीस नाहीत, एकवीसच आहेत. सातवे आणि पंधरावे एकच पुस्तक आहे."