कामाला गेलो म्हणजे रान सोडलं नाही



वनहक्काचा दावा टाकला की हल्ली एक सवाल हमखास कानावर येतो. "तुम्ही तर भात काढलं की नारायणगावला, आळेफाट्याला कामाला जाता. मग तुम्ही इथले रहिवासी कसे? जमीन कसता कधी?" सवाल साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारलेली आहे. माणूस पोटासाठी कुठं जातो ही एक गोष्ट. त्याच्या बापजाद्यांनी कसलेली जमीन कोणाची, ही दुसरी. पहिलीवर बोट ठेवून दुसरीचा निकाल लावायचा, हा डाव आहे.

हा डाव जगभर चालतो. अमेरिकेचे पुढारी मेक्सिकोहून आलेल्या मजुरांना घुसखोर म्हणतात, हे मोबाईलवर आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण कॅलिफोर्निया, ज्याच्या मळ्यांत हे मजूर राबतात, तो एके काळी मेक्सिकोतच होता. लढाई हरल्यावर २ फेब्रुवारी १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख, टेक्सास धरून, अमेरिकेकडे गेला. तिथले लोक जागचे हलले नव्हते, सरहद्दच त्यांच्या अंगावरून पुढं सरकली. तहात लिहिलं होतं, त्यांच्या मालमत्तेला हात लागणार नाही. मग १८५१ साली कॅलिफोर्नियासाठी कायदा आला : जमीन तुमची असेल तर तुम्हीच ती शाबीत करा. खटले वर्षानुवर्षे चालले. कित्येकांनी दावा जिंकला, पण वकिलाची फी आणि कर्ज फेडता फेडता जमीन गेलीच. आणि मेक्सिकोच्याही आधी तो मुलूख तिथल्या आदिवासींचा होता. त्यांना तर कोणीच विचारलं नाही.

त्याच १८४८ सालात, २ मे रोजी, आपल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. सावकार कर्जाच्या कागदावर जमिनी गिळत होता आणि कंपनी सरकारचं कोर्ट त्या कागदाला खरं मानत होतं, म्हणून ते बंड पेटलं होतं. पुढं १८७८ चा जंगल कायदा आला, मग १९२७ चा. रेघ ओढली साहेबाने, आणि रेघेच्या आत आधीपासून राहणारा झाला अतिक्रमणदार. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, तेव्हा आणखी एक रेघ आली.

आता विचारा, आपण कामाला जातो ते का? भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. खाचरं आपली बुडाली, पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली गेलं, ऊस तिकडं पिकला. आपल्या डोंगरात पाऊस कोसळतो तरी भाताचं एकच पीक निघतं. पाणी खाली गेलं, पाण्यामागे माणूस गेला. ज्यांच्यामुळं जावं लागलं, त्यांनीच म्हणायचं की तुम्ही गेलात म्हणून तुमचा हक्क संपला?

कोणी म्हणेल, आज अमेरिकेत जाणाऱ्या मजुराच्या आजोबाची तिथं जमीन नव्हती. बऱ्याच जणांची नसेल. पण मजूर मजुरीच मागतोय. तिथले काही पुढारी जुन्या इतिहासाची भीती घालतात, "हे मुलूख परत घ्यायला आलेत" म्हणतात आणि मजुरालाच शत्रू ठरवतात. आपल्याकडं उलटं : मजुरीला गेलात, हे दाखवून जमिनीचा दावा फेटाळतात. गाठ तीच, फक्त ओढायचं टोक वेगळं. आपण नारायणगावची जमीन मागत नाही. तिथं पुरी मजुरी आणि मान मागतो. जमीन मागतो ती इथली.

आणि एक कडू गोष्ट. आपली काही पोरंही परप्रांतातून आलेल्या मजुराला "बाहेरचा" म्हणून हिणवतात. ती काठी हातात घेऊ नका. आज त्याच्या पाठीत बसली, तर उद्या अड्ड्यावर आपल्या पाठीत बसेल.

मेक्सिकोच्या माणसापेक्षा आपलं एक बरं आहे. कायदा आपल्या बाजूने लिहिलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाहायचं ते असं : १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात होती का, आणि आजही पोट जंगलावर आहे का. वर्षातून काही महिने कामाला गेलेल्याचा हक्क जातो, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. आणि पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नव्हे. बांध, जुनं घर, विहीर, देवाची जागा, मसणवटा, गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब, हे सगळे पुरावेच आहेत. एकापेक्षा जास्त जोडा.

म्हणून हे करा. पाहणीची तारीख भात काढण्याआधीचीच ग्रामसभेत ठरवून घ्या. दावेदाराला न कळवता पाहणी झाली तर हरकत लेखी द्या. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करा. "पुरावा अपुरा" एवढ्या दोन शब्दांवर गप्प बसू नका. न वाचता कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नका. चौकशी पुरी होईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, हे कलम ४(५) पोरापोरींना पाठ करायला लावा.

म्हाताऱ्यांचे जबाब मात्र आजच लिहून घ्या. राघोजींच्या वेळेपासून सरकारचा कागद आपल्या विरोधात बोलत आला. आता आपल्याला कागद बोलता करायचाय, आणि ज्यांना जुनं माहीत आहे ती माणसं दरवर्षी कमी होत चाललीत.

पोटासाठी जाऊ, जमिनीसाठी परत येऊ!
जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!