मोडलेल्या मनगटाची चौकशी

पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात नाहीतर मोरीत पाय घसरतो, सावरायला हात टेकला जातो आणि मनगट मोडते. साठी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत पुढचे सगळे ठरलेले असते. एक्स-रे, हाड बसवणे, प्लास्टर, पाच-सहा आठवडे हात गळ्यात. प्लास्टर निघाले, बोटे हलू लागली की प्रकरण मिटले, असे डॉक्टर, घरचे आणि ती स्वतःही धरून चालते. चालता चालता नुसते पडल्याने मोडावे इतके हाड ठिसूळ कशाने झाले, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न प्लास्टर घालतानाच विचारायला हवा. उतारवयात अशा किरकोळ पडण्याने एकदा हाड मोडले की पुन्हा मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि पुढच्या वेळी मोडते ते खुब्याचे असू शकते. खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्या वृद्धांचे प्रमाण अनेक देशांतल्या नोंदींत पाचात एकाच्या आसपास आहे. जे वाचतात त्यांतल्या अनेकांना पुन्हा आधाराशिवाय चालता येत नाही.

उत्तर शोधायची चाचणी आहे आणि ती अवघड नाही. डेक्सा यंत्रावर दहा-पंधरा मिनिटे पडून राहायचे. सुई नाही, किरणोत्सर्ग अगदी नगण्य. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण खुब्यातून आणि कंबरेच्या मणक्यांतून जातात आणि हाडात खनिज किती उरले ते मोजले जाते. निरोगी तरुण हाडाशी तुलना करून जो टी-स्कोअर येतो, तो उणे 2.5 किंवा त्याहून खाली असला तर ऑस्टिओपोरोसिस. ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये आखली. आकडा डोळे मिटून वाचू नये, हेही खरे. मणके झिजून कडेने हाड वाढलेले असेल तर स्कोअर खोटाच चांगला दिसतो. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही घनता घटते आणि तिचे उपचार वेगळे असतात, म्हणून सोबत रक्ततपासणी हवी.

नावामुळे होणारा एक घोटाळा इथेच दूर केलेला बरा. बोन स्कॅन म्हणतात ती तपासणी निराळी. तिच्यात टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात, दोन-तीन तास थांबवतात आणि मग गॅमा कॅमेऱ्याने सांगाड्याचे चित्र घेतात. जिथे नवे हाड घडण्याची लगबग चालू असते तिथे हे द्रव्य जास्त साचते. त्यामुळे एक्स-रेमध्ये अजून न दिसणारी धावपटूच्या नडगीतली बारीक चीर किंवा हाडांत पसरलेला कर्करोग ती लवकर दाखवते. हाडाची घनता मात्र ती सांगत नाही.

आणि शिबिरातली टाचेची तपासणी या दोन्हींपेक्षा वेगळी. सभागृहात टेबल मांडून, टाच यंत्रात ठेवायला सांगून, मिनिटभरात हाती कागद मिळतो. ते यंत्र ध्वनिलहरी वापरते आणि उणे 2.5 ची रेषा त्याला लागू पडत नाही. धोक्याचा ढोबळ अंदाज त्यातून येतो, निदान होत नाही. तरी त्या कागदावर घाबरून चाळिशीच्या धडधाकट बायका कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ लागतात, आणि जिचे मनगट खरोखर मोडले ती तपासणीविना घरी जाते. गरज एकीकडे आणि चाचणी दुसरीकडे, ही स्थिती मला फार बोचते.

पन्नाशीपुढच्या कोणाचेही हाड साध्या पडण्याने मोडले, तर दवाखान्यातून मिळणाऱ्या कागदावर ‘डेक्सा केली का’ असा रकाना असावा आणि तो कोरा सोडू नये. सरकारी रुग्णालयांत त्याची सुरुवात व्हावी. शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी टाचेच्या यंत्रावरचा पैसा वाचवून गावातल्या अशा दहा जणींना जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन त्यांच्या डेक्साचे पैसे भरावेत.